वेढ्यातला मृदुंग

दशरथ पालवला मृदुंग कुणी समोर बसवून शिकवला नव्हता. गावच्या देवळात भजनाला बसता बसता तो त्याच्या बोटांत उतरला. पुढे मुंबईत त्याची गिरणी बंद पडली आणि तो चारकोपला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात लागला, तरी शनिवारचं भजन काही त्यानं सोडलं नाही. अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये मुलुंडच्या वसुधा प्रधान पत्ता विचारत त्याच्या दारात आल्या, त्या या भजनातल्या हातामुळेच.

वसुधाबाई कॉलेजात इतिहास शिकवायच्या. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या कोकणातल्या शिपायांची गाणी त्या दोन वर्षं गोळा करत हिंडत होत्या. तिथल्या कुट शहराच्या वेढ्यात पाच महिने उपाशी अडकलेल्या पलटणींत रचलेलं एक गाणं त्यांना मिळालं होतं. ते कॉलेजच्या कार्यक्रमात तेव्हा वाजलं असेल तसंच वाजवायचं, असा त्यांचा हट्ट होता.

"पेटी नको, ढोलकी नको," त्या म्हणाल्या. "नटबोल्टचा मृदुंग तर अजिबात नको, दशरथभाऊ."

"मग फणसाच्या खोडाचा लागेल बाई. चामड्याच्या वाद्यांनी आवळलेला. आमच्या देवळात पडलाय एक, माझ्या आज्याच्या वेळचा."

तो मृदुंग एस.टी.च्या टपावरून आला. दशरथनं त्याला दोन्ही तोंडांवर कातड्याची नवी पानं चढवली, चामड्याच्या वाद्या आवळल्या, आणि एका रविवारी दोघं घाटकोपरच्या टेकडीवर सोनूबाईंकडे पोचले. सोनूबाई सत्तरीच्या आसपासच्या. त्यांचा बाप त्या वेढ्यात होता. तिथून तुर्कांच्या कैदेत गेला आणि तीन वर्षांनी हाडांचा सापळा होऊन गावी परतला. गाणं त्यांनाच येत होतं, तेही चारच ओळी.

नदी उशाक, गोळो पायथ्याक,
झोप येयत कशी रे शिपायाक?
पीठ पोटाक, माती मुरदुंगाक,
सांग रे वाऱ्या माझ्या मुलखाक.

दशरथनं नेहमीसारखी कणिक मळून डाव्या पानावर थापली. तिच्या वजनानं मृदुंग घुमतो, नाहीतर नुसता टणटणतो. त्यानं ठेका धरला. सोनूबाई दोन ओळी म्हणाल्या आणि थांबल्या.

"बरो वाजवतंस रे झिला. पण ह्यो तो आवाज न्हय."

"मग कसो होतो, मावशी?"

"बापूस मांडयेर हात मारून तोंडान काढून दाखवायचो. कसो ता माका सांगूक येणा नाय."

पुढचे तीन रविवार असेच गेले. दशरथनं पानं सैल केली, आवळली, लय बदलली. सोनूबाई मान हलवत राहिल्या. वसुधाबाई घरी परतताना म्हणाल्या, "शेवटी माणसाची मातीच होणार, हे त्या शिपायांना किती लवकर कळलं होतं बघा. 'माती मुरदुंगाक.' केवढं वैराग्य आहे त्यात!"

दशरथ बसस्टॉपवर पिशवीतल्या उरलेल्या कणकेच्या गोळ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "बाई, ते उपाशी होते ना?"

"हो. शेवटी शेवटी माणशी मूठभर पीठ मिळायचं."

"मग मृदुंगाला कणिक कुठून लावणार? पीठ पोटाला. मृदुंगाला माती. वैराग्य नाही हो बाई, खरंच माती लावत होते ते! नदीकाठचा चिखल!"

बस आली आणि गेली, तरी दोघांपैकी कुणी हललं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी दशरथ चारकोपच्या मागे खाडीवर गेला आणि तिवरांच्या मुळांतला काळा चिखल डबाभर घेऊन आला. मे महिना होता. घाटकोपरच्या खोलीत पत्रा तापलेला, पंखा गरम वारा फेकत होता. त्यानं चिखलातले खडे वेचले, तो मळला, डाव्या पानावर थापला आणि हात टाकला.

आवाज आला तो जमिनीच्या पोटातून आल्यासारखा. जड, ओला, खोल. भिंतीला टेकलेल्या सोनूबाई ताठ झाल्या. त्यांनी गाणं उचललं.

चार ओळी फिरून फिरून झाल्या. चिखल वाऱ्यानं सुकू लागला, वजन घटलं, तसा मृदुंगाचा सूर बोटाबोटानं वर सरकायला लागला. आता बिनसलं, असं वाटून दशरथ हात आखडता घेणार, तोच त्याच्या लक्षात आलं की सोनूबाईही चढतायत. मृदुंगाच्या बरोबरीनं, ओळीगणिक वर.

"थांबू नको!" त्या गाण्याच्या मधेच ओरडल्या. "बापूस असोच चढायचो! लोक हसायचे, म्हणायचे बेसूर गाता!"

सत्तर वर्षं गाव ज्याला बेसूर म्हणत आलं, तो माणूस सुकत्या चिखलाचा सूर धरून गात होता. मृदुंग केव्हाच वेढ्यात राहिला, चिखल तिकडच्या नदीला राहिला, आणि सूर मात्र त्यानं गळ्यात घालून गावी आणला होता. दशरथला वाटलं, आपल्या हाताखाली वाजतंय ते आपण वाजवत नाही आहोत.

आणि मग सोनूबाईंच्या तोंडून पाचवी ओळ आली. त्यांना येत नाही म्हणून त्यांनी शपथेवर सांगितलेली.

कसालचो भिकाजी वाळूत निजलो,
गावच्या वाटेक डोळो लावून ऱ्हवलो.

त्यामागून आचऱ्याचा एक. मग वरवड्याचे दोघे भाऊ. एकेका चढत्या सुरावर तिकडे वाळूत निजलेला एकेक माणूस येत गेला, गावासकट. वसुधाबाईंचा टेपरेकॉर्डर खट् करून थांबला, तेव्हा त्या कॅसेट उलटवायचंही विसरल्या. पदराला डोळे पुसत मिळेल त्या कागदावर नावं लिहीत सुटल्या. चौदा झाली. चिखलाला तडे गेले, त्याची खपली जमिनीवर पडली आणि सोनूबाई गप्प झाल्या.

"इतकेच," त्या धापा टाकत म्हणाल्या. "माका ठावकच नव्हता, माज्या पोटात इतके जण आसत."

सप्टेंबरात कार्यक्रम झाला. सोनूबाईंनी शिकवलेल्या दोन मुली गायल्या, दशरथनं स्टेजवरच चिखल थापला. पुढच्या रांगेतल्या एका जाणकारानं मृदुंग उतरला की चढला यावर शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगायला सुरुवात केली, पण नावं सुरू झाली तसा तोही थांबला. शेवटी टाळी कुणाला सुचली नाही. लोक नुसते उभे राहिले.

सगळे पांगल्यावर एक म्हातारा काठी टेकत स्टेजपाशी आला. धोतर, कोट, हातात चप्पल.

"ता कसालच्याचा नाव," तो दशरथला म्हणाला, "परत एकदा म्हणशात?"

दशरथनं मुलींना बोलावलं नाही. खाली बसून त्यानं स्वतःच, हलक्या ठेक्यावर, ती दोन ओळींची जोडी म्हटली. म्हाताऱ्यानं डोळे मिटून ऐकलं.

"माज्या आयेन मरेपर्यंत कुंकू पुसूक नाय," तो म्हणाला. "बापूस खय गेलो ताच कोणाक कळाक नव्हता."

मग त्यानं वाकून मृदुंगाला हात लावला, तो हात कपाळाला नेला, आणि दशरथला म्हणाला, "आता आणखी एकदा म्हणा. माज्या भावाक सांगूचा आसा, नीट पाठ करून जातंय."