निळा आपला नाही

उन्हातून प्रयोगशाळेत आल्यावर भामाबाईंना काही दिसेना.

“दिपे, लाईट गेली का गं?”

“मीच बंद केलीय. आता बघ.”

दीपमालानं अतिनील दिव्याचं बटण दाबलं. काचेच्या पट्टीवरचा पातळ थर उजळला. पांढराशुभ्र.

विद्यापीठात ती रसायनशास्त्रात पीएच.डी. करते, आणि हा उजळणारा पदार्थ तिनं स्वतः घडवलाय: एक थर सेंद्रिय, त्यावर एक असेंद्रिय, पुन्हा सेंद्रिय, पुन्हा

“सेंद्रिय म्हंजी? शेणखत?”

“तसलं नाय गं आई. कार्बनवालं.”

“मग शेणात कार्बन नसतोय व्हय?”

“...असतो.”

पुन्हा असेंद्रिय. बाजारातल्या पांढऱ्या दिव्यात निळा आणि पिवळा उजेड एकत्र केलेला असतो. इथं एकच पदार्थ, आणि तो एकटाच सगळे रंग देतो. ‘एकटाच’ या शब्दावर तिचा शोधनिबंध उभा आहे. तिचे मार्गदर्शक सुदर्शन सर तो आज संध्याकाळी नियतकालिकाकडं पाठवणार आहेत.

भामाबाई बघायला वाकल्या. लेण्यांजवळच्या विहारात पौर्णिमेची वंदना करून त्या थेट इकडं आल्या होत्या. अंगावर पांढरं लुगडं. पदर दिव्याखाली आला

आणि निळसर पांढरा लखलखला.

“अगं बया! माझं लुगडं बी पीएच.डी. झालं!”

दीपमाला हसली. मग तोंडावरचं हसू तसंच राहिलं आणि ती पदराकडं बघत राहिली.

धुण्याच्या पावडरीत कपडा शुभ्र दिसावा म्हणून एक द्रव्य घालतात. डोळ्यांना न दिसणारा अतिनील उजेड ते शोषतं आणि निळा सोडतं. हे तिला बी.एस्सी.पासून माहीत होतं. प्रत्येक काच आपण स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्यानं पुसतो, हेही माहीत होतं. फडकं आईच्या जुन्या लुगड्याचं. विकतच्या कापडाला तसा मऊपणा नाही.

दोन्ही गोष्टी इतके दिवस शेजारी शेजारी राहत होत्या. ओळख नव्हती.

(दिवा बंद करून चहाला जाता आलं असतं. कुणी विचारलं नसतं.)

तिनं नुसती, पुसलेली काच दिव्याखाली धरली. निळी.

मग कोरी काच. फडकं न लावता पाण्यानं धुतली, वाळवली, तिच्यावर तोच पदार्थ घातला.

पिवळा.

“हे बी चांगलंच हाय की.”

“हे पांढरं नाय, आई. त्यातला निळा फडक्याचा होता. तुझ्या लुगड्याच्या पावडरीचा.”

भामाबाईंनी पदर आवरून हातात गोळा केला. “म्हंजी माझ्यामुळं बिघडलं?”

“काच मी पुसली.”

फोनवर सरांचा आवाज आधी प्रसन्न होता. नंतर:

“आजच दिसलं तुला?”

“निळा आपला नाही, सर.”

“अजून कुणी पाहिलंय?”

“आई आहे इथं.”

“त्यांना काय कळणार आहे यातलं?”

“मी तिला सगळं सांगितलंय.”

 

“तुझी फेलोशिप मार्चला संपते. सगळं नव्यानं मोजावं लागेल. लक्षात आहे ना?”

“हो सर.”

“पाठवत नाही मग.” फोन बंद.

“काय म्हणले?”

“थांबवलं.”

“रागावले?”

“माहीत नाय.”

भामाबाईंनी स्टूल ओढलं आणि टेकल्या. दीपमालानं पिवळा उजेड मोजायला घेतला.