वरचं पाणी

नंदुरबारजवळच्या कोरीट गावातल्या एका घरात दुपारचं वरण भिकुबाई वाढत. सून रुपा भाकरी थापायची, पण पळी सासूच्या हातात. पातेलं हलवायचं नाही, हा भिकुबाईंचा नियम होता. तुरीची डाळ तळाशी बसू द्यायची, मग खालची घट्ट डाळ मुलगा उमाकांत आणि नातू भाग्येश यांच्या ताटात जायची. वरचं पिवळं पाणी नात निशाच्या वाट्याला. तूप, खजूर, शेंगदाण्याचा लाडू यांचंही तसंच. निशानं मागितलंच, तर काळ्या चहाचा कप आणि त्यात बुडवायला भाकर मिळायची.

निशा आणि भाग्येश जुळे, नऊ वर्षांचे. तो आईच्या खांद्याइतका, ती त्याच्या छातीशी.

वाचणाऱ्याला वाटेल, म्हातारी नातीच्या जिवावर उठली होती. तसं नव्हतं. निशावर तिचा जीव होता, आणि खरी गोम तिथंच होती. भिकुबाईंची मुलगी रेवा दूधदुभत्यावर वाढलेली, अंगानं भरलेली पोर. बाराव्या वर्षीच ती थोराड दिसू लागली. गावानं बोटं दाखवली आणि तेराव्या वर्षी घरानं तिचं लग्न उरकलं. चौदाव्या वर्षी ती बाळंतपणात गेली. बाळही गेलं. तेव्हापासून भिकुबाईंनी मनाशी एकच गाठ मारली होती, की पोरीच्या अंगी लागेल असं काही तिला द्यायचं नाही. म्हणजे ती वाढणार नाही, लोकांच्या डोळ्यांत भरणार नाही. चार वर्षं जास्त माहेरी राहील. आपल्या परीनं त्या नातीला वाचवत होत्या.

एवढं सगळं त्यांनी निशाला कधीच सांगून टाकलं होतं. रेवाफुई, म्हणजे तिची आत्या, घट्ट वरण खायची, म्हणून लवकर मोठी झाली, लग्न झालं आणि मेली. पोरीनं ते नीट लक्षात ठेवलं होतं.

आता शाळेतून निरोप यायला लागले होते. निशा बाकावर बसत नाही, अर्ध्या वाक्यावर उठते, वही हरवते, फळ्याखालचे खडूचे तुकडे खाते. शिक्षिकेनं उमाकांतला दोनदा बोलावून सांगितलं, की मुलीला नंदुरबारला दाखवा, रक्त तपासून घ्या. उमाकांतनं कापसाची वेचणी होऊ दे म्हटलं. भिकुबाईंना मात्र रक्त काढण्याचं नावच सोसेना. आधीच काडी झालेल्या पोरीचं रक्त काय काढायचं, असं त्या म्हणाल्या. खडू खाणारी, एका जागी न ठरणारी पोर म्हणजे हिला वारं लागलं, हे त्यांना न तपासता कळत होतं. वाऱ्याला तापल्या लोखंडाचा डाग हेच औषध. त्यांच्या स्वतःच्या पोटावर तसे तीन डाग होते.

रुपा पहिल्यांदाच सासूसमोर उभी राहिली. "माय, डाग नका देऊ. पोर शे ती," एवढंच ती म्हणाली. भिकुबाईंनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी रुपा वेचणीला गेल्यावर त्या निशाचं बोट धरून तापीकाठच्या गावी गेल्या. तिथं एक म्हातारा विळ्याचं टोक तापवून पोटावर डाग देई. भिकुबाईंनी नातीचे हात स्वतः धरले. निशा दोनदा ओरडली, मग गप्प झाली. परतताना ती जीपमध्ये मांडीवर निजून राहिली, जराही हलली नाही. गुण आला, असं भिकुबाईंना वाटलं. त्यांना खरंच आनंद झाला.

चौथ्या दिवशी डाग चिघळला. सहाव्या दिवशी ताप डोक्यात गेला, पोर बरळायला लागली. रात्रंदिवस रडणाऱ्या रुपानं मग कोणाला विचारलं नाही. निशाला पाठीशी बांधून ती रस्त्यावर जाऊन उभी राहिली, तेव्हा उमाकांतला मोटारसायकल काढावीच लागली.

नंदुरबारच्या दवाखान्यात निशाचं रक्त तपासलं. जुळा भाऊ आहे कळल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्याचंही तपासायला सांगितलं. दोन्ही कागद त्यांनी खाटेवर शेजारी शेजारी ठेवले. भिकुबाईंना अक्षर येत नव्हतं, म्हणून एकेक ओळ बोट ठेवून समजावली. भाग्येशचं हिमोग्लोबिन बारा, निशाचं पाच. अंगात साठलेलं लोह त्याचं पुरेसं, हिचं जवळजवळ संपलेलं. जस्तही कमी. असं रक्त असलेल्या पोरीची जखम लवकर भरत नाही, त्या म्हणाल्या. खडू खाण्याची ओढही बहुधा त्यातलीच. तिला लक्ष न लागण्याचा विकार असेलही, त्याची तपासणी वेगळी, आणि तो काही फक्त जेवणानं होत नाही. पण लोह इतकं कमी असताना कुठलंही मूल कसं बसेल, कसं शिकेल?

"एकाच पोटातली, एकाच चुलीवरची दोन मुलं," त्या म्हणाल्या. "घरात वाढतं कोण?"

रुपानं सासूकडे बोट दाखवलं नाही. खोलीत सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं. भिकुबाईंनीच हात थोडा वर केला, शाळेतल्या मुलीसारखा.

निशाला रक्त चढवलं. जखमेतलं कुजलेलं मांस दोनदा कापावं लागलं. आठ दिवसांनी ती शुद्धीवर येऊन नीट बोलू लागली, तेव्हा घरून डबा आला. भिकुबाईंनी जन्मात पहिल्यांदा वरण तळापासून ढवळलं आणि घट्ट डाळीचा चमचा नातीच्या तोंडाशी नेला. निशानं ओठ मिटून घेतले.

"मोठी माय, माले वरलं पाणी दे," ती म्हणाली. "घट खासू त मोठी व्हई जासू. मंग मन्हं लगन करतीन."

पोरगी हट्ट करत नव्हती. शिकवलं तसं वागत होती. जिला शाळेत एक ओळ धड आठवत नव्हती, तिच्या मनावर आजीचं हे एक वाक्य पक्कं कोरलं गेलं होतं. तीस वर्षं जे स्वतःशीही बोलल्या नव्हत्या, ते भिकुबाई मुलगा आणि सून यांच्या देखत बोलल्या.

"रेवा... तिन्हं लगन वरणनी नही लायं, बेटा. आम्हीच लायं. मी न तुन्हा आजानी. ती पोर व्हती, तिन्हा काही दोस नव्हता."

मग त्या उमाकांतकडे वळल्या. ही शिकून अठरा वर्षांची होईपर्यंत घरात लग्नाचा विषय निघाला, तर मी पोलिसात जाईन, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. उमाकांतनं मान हलवली.

निशानं तीन चमचे खाल्ले. चौथ्याला थांबून तिनं विचारलं, "मंग माले डाग काब्र दिधा?"

भिकुबाईंनी चमचा डब्यात ठेवला आणि तिच्या पोटावरच्या पट्टीवर पांघरूण नीट ओढलं.

निशा आता घरी आहे. लोहाचं औषध चालू आहे, लक्ष न लागण्याच्या विकाराच्या तपासणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे. पोटावरचा व्रण हाताच्या तळव्याएवढा आहे आणि तो जाणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. भिकुबाई अजूनही वरण वाढतात, पण आधी पातेलं तळापासून ढवळतात. तुम्ही हे वाचून जेवायला बसाल, तेव्हा आपल्या घरातली पळी कोणाच्या ताटासाठी किती खोल जाते, तेवढं एकदा पाहा.