दोन्ही नळ्या काकूंच्या

काकूंचं शिवणयंत्र चार दिवस बंद होतं. गिऱ्हाइकं हेलपाटे घालून कंटाळली, पण काकूंचा हात चालेल तर ना!

घोळ त्यांनीच घातला होता. पन्नाशी उलटलेल्या सगळ्यांना आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी दवाखान्याकडून नळी आली होती. शौचाचा नमुना भरून पाठवायचा, एवढंच काम. काकांनी नाक मुरडलं. जन्मभर बस चालवलेला माणूस तो. म्हणे मी ठणठणीत आहे, असली घाण मी करणार नाही. नर्सबाईंचे फोन मात्र काकूंना यायचे. तिसऱ्या फोनला काकू वैतागल्या आणि पुढच्या दोन दिवसांत दोन्ही नळ्या स्वतःच भरून मोकळ्या झाल्या. एकीवर आपलं नाव, दुसरीवर नवऱ्याचं.

महिन्याने पत्रं आली. काकूंचं साफ. काकांच्या नमुन्यात रक्त, म्हणून दुर्बिणीच्या तपासणीला बोलावलेलं.

रक्त मूळव्याधीनेही दिसतं, बहुतेकांना कॅन्सर निघत नाही, असं नर्सबाईंनी परोपरीने सांगितलं. पण काका पार खचले. त्यात त्यांची हृदयाची, रक्त पातळ करणारी गोळी उद्यापासून बंद ठेवायची होती, आणि तपासणीत आतड्याला क्वचित भोक पडू शकतं, असंही कागदावर लिहिलेलं. नसत्या दुखण्यासाठी एवढा धोका! हे चिडतील म्हणून आपण गप्प आहोत, असं काकू स्वतःला बजावत होत्या. पण खरं कारण त्यांना ठाऊक होतं. पत्रावर काकांचं नाव होतं तोवर ते दुखणं काकूंचं नव्हतं.

आज काकांनी ताट सरकवलं. "माझ्यामागे तू एकटी कशी राहशील गं?"

काकूंना राहवलं नाही. त्यांनी सगळं सांगून टाकलं.

काका खो खो हसत सुटले. काय बाई आहेस तू, म्हणाले, आणि ताट पुन्हा ओढून घेतलं. दोन घास खाल्ले. तिसरा हातातच राहिला.

"अगं, मग रक्त..."

"माझं," काकू म्हणाल्या. "पण अहो, दुसरी नळीही माझीच होती. ती साफ आली. आपण तीच खरी धरू या का?"

काकांनी हात धुतला आणि नर्सबाईंचा नंबर मागितला. काकूंनी तो पाठ म्हणून दाखवला.