साठ शब्द आणि दुसरा भाग

दिनानाथजींना मी कधी वाईट माणूस म्हटलं नाही. वाईट व्हायलाही अंगात काही असावं लागतं. ते आमच्या मिलच्या टाइम ऑफिसात बाबू होते आणि कामगारांच्या लायब्ररीची चावी त्यांच्या जानव्याला बांधलेली असे. लायब्ररी कामगारांची, चावी त्यांची.

मी विणाई खात्यात तीस वर्षं माग चालवले. अक्षर शिकलो अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, युनियनच्या वर्गात, पहिली पाळी सुटल्यावर. दोन वर्षांत पेपर वाचू लागलो, आणि मग मिल बंद झाली. ब्याण्णव साल होतं. पेपरात रोज उदारीकरण हा शब्द यायचा. आम्ही वीस-पंचवीस जण सकाळी दहाला गेटवर धरण्याला बसायचो आणि चारला उठायचो. भाषणं आठवड्यात संपली. लायब्ररी तेवढी अजून उघडत होती, तेव्हा मी तिथून एक जाड कादंबरी आणली आणि मोठ्यानं वाचायला लागलो.

कादंबरी जुनी, परदेशी, कुणीतरी मराठीत आणलेली. सात माणसं लोखंडी यानात बसून एका तांबड्या ग्रहावर जातात. परत निघताना कळतं की इंधन कमी आणि वजन जास्त. एकाला खाली सोडल्याशिवाय यान उठणार नाही. सातांत कप्तान, दोन प्रोफेसर, एक डॉक्टर, एक चित्रकार, कप्तानाचा मेहुणा आणि भट्टीत कोळसा घालणारा एक माणूस. कोण राहणार, या ओळीवर पहिला भाग संपतो.

आमचा हरी बॉयलर खात्यातला. त्याला ती भट्टी आपलीच वाटायची.

"मेहुणा राहील," तो म्हणाला. "मेहुण्याचं तिथे काम काय, भिया? हवा खायला आला होता."

"आणि कप्तानाची बायको सोडेल त्याला?" कुणीतरी विचारलं.

"मग कप्तान राहील. पढालिखा आहे, थोडी तर लाज असेल. पण भट्टीवाला नाही राहणार. त्याला सोडलं तर भट्टी कोण पेटवील, प्रोफेसर?"

मी दुसरा भाग आणायला गेलो. दिनानाथजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघं एकाच वयाचे, पण मी त्यांना जी लावायचो आणि ते मला अरे-तुरे करायचे. ते तसंच चालत आलं होतं.

"पहिल्या भागाच्या शेवटी कठीण शब्दांची यादी आहे, ती पाहिलीस का?"

"पाहिली."

"साठ शब्द आहेत. अर्थासकट पाठ करून ये. मग दुसरा भाग."

"दिनानाथजी, पहिला भाग तर वाचून झाला. शब्द अडले, पण गाडी थांबली नाही."

"वाचलास, पण समजलास का? दुसरा फार गहन आहे. मी दोनदा वाचलाय. तुम्हा लोकांच्या हातात उगाच पुस्तक खराब होतं."

तुम्हा लोकांच्या, असं म्हणताना ते खिडकीबाहेर बघत होते. मी यादी उतरवून घेतली.

मला जॉबरनं, म्हणजे खात्याच्या मुकादमानं, मागाचे भाग शिकवले ते हात धरून. भागावर हात ठेवायचा, नाव घ्यायचं. हात न लावता नाव घेतलं की डोक्यात टपली. मी शब्दही तसेच शिकलो. आठ दिवसांनी परीक्षेला उभा राहिलो.

"जडत्व," दिनानाथजी म्हणाले.

"मेन स्विच पाडला तरी शाफ्ट लगेच थांबत नाही. चार फेऱ्या आणखी मारतो. ते."

"चूक. पदार्थाचा आपली स्थिती न बदलण्याचा गुणधर्म."

"तेच बोललो मी."

"तू उदाहरण दिलंस. अर्थ नाही दिलास. अपकेंद्री."

"रंगाई खात्यात कपडा पिळायचं मशीन होतं. डबा जोरात फिरला की कपडा भिंतीला चिकटतो, पाणी भोकांतून बाहेर. ते पाणी ज्या जोरानं पळतं, तो जोर."

"चूक. संपृक्त."

"विणाईत धागा तुटू नये म्हणून हवेत वाफ सोडायचे. शेवटी हवा म्हणते, आता बस, आणखी घेत नाही. भिंतीवरून पाणी गळायला लागतं."

"कचरू, ही मिल नव्हे. ही भाषा आहे."

साठपैकी अकरा बरोबर दिले त्यांनी. त्या अकरांतला प्रकाशवर्ष हा शब्द मला मुळीच कळला नव्हता. नुसता पाठ केला होता. म्हणून बरोबर.

जाताना मी विचारलं, "आणि उदारीकरण म्हणजे काय?"

"ते यादीत नाही," ते म्हणाले. मग जरा मऊ आवाजात, "तुम्हाला काढतील. आम्हा स्टाफला कुठे ना कुठे घेणार आहेत. बोलणं झालंय."

गेटवर हरी वाट बघत होता. "मिळाला?"

"नापास झालो."

"कशात?"

"मिलमध्ये."

पुढच्या आठवड्यात बातमी आली की सोमवारी कोर्टाचा माणूस येणार आणि सगळ्या कपाटांना सील लागणार. लायब्ररीच्या दोन्ही कपाटांनासुद्धा. हरीनं मला बाजूला घेतलं. "सोमवारनंतर तो मेहुणा राहिला का कोण राहिला, जन्मात कळणार नाही. तू पोपट हो. दोन दिवस पोपट झालास तर काय बिघडतं?"

मी पोपट झालो. मुलगी मैत्री आठवीत होती. तिनं सकाळ-संध्याकाळ घोकून घेतलं. समजून शिकायला मला आठ दिवस लागले होते, न समजता दोन दिवसांत झालं. शनिवारी मी लायब्ररीत उभा राहिलो आणि साठही शब्द यादीच्या क्रमानं, छापलेल्या अर्थासकट, न थांबता म्हणून टाकले. ते मधे विचारायला लागले तर मी थांबलोच नाही. बाहेर दोघे-तिघे हसत होते.

"बघ," दिनानाथजी म्हणाले, "मनावर घेतलं की येतं." त्यांना खरंच आनंद झाला होता. त्याचाच मला जास्त राग आला.

त्यांनी स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा दुसरा भाग काढला, फुंकर मारली आणि माझ्या हातात दिला. मी उघडला. पानं एकमेकांना जोडलेली होती. छापखान्यात घडी घालून शिवलेलं पुस्तक, कडा कापायच्या राहिलेल्या. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकही कडा उघडलेली नव्हती.

"दोनदा वाचलंत ना?" मी विचारलं.

"ती दुसरी प्रत होती."

"कुठाय?"

ते रजिस्टरमध्ये माझं नाव लिहायला लागले. इतकं सावकाश लिहीत होते, जणू अक्षर आत्ताच शिकत होते. मी पुस्तक घेऊन निघालो.

गेटवर मी धागा कापायच्या ब्लेडनं पानं कापत गेलो आणि वाचत गेलो. कप्तान विचार करतो. दहा पानं. प्रोफेसर वाद घालतात. चौदा पानं. चित्रकार आकाशाचं चित्र काढतो. मेहुणा बायकोला पत्र लिहितो, ते पत्र सबंध छापलेलं. एकेक कठीण शब्द येत होता आणि मला येत होता. हरी पुढे सरकून बसला होता. मग एकशे बाराव्या पानावर तिसऱ्या ओळीत आलं, 'भट्टीवाल्याला खाली ठेवून यान उठले.' पुढच्या ओळीत कप्तान खिडकीतून तारे बघत होता. भट्टी आता प्रोफेसर सांभाळत होते. ते जमलं कसं, हे लिहिणाऱ्यानं सांगितलं नव्हतं.

त्या ओळीत एकही कठीण शब्द नव्हता.

"नाव काय लिहिलंय त्याचं?" हरीनं विचारलं.

मी मागची पानं चाळली. पहिला भाग तर पाठच होता. "नाव नाही लिहिलं."

"पुढे परत येतात का घ्यायला?"

अजून दीडशे पानं जोडलेली होती. मी ब्लेड लावलं, तेव्हा हरी म्हणाला, "राहू दे." कुणीतरी स्टोव्ह पेटवून चहा ठेवला.

सोमवारी दुपारी दिनानाथजी गेटवर आले. सील लागलं होतं. त्यांच्या हातात कामावरून काढल्याचा लिफाफा होता, आमच्या सगळ्यांना आला होता तसाच. त्यांना कुठेही घेतलं नव्हतं. रजिस्टरात एक पुस्तक बाहेर दिसतंय, ते द्या, असं ते म्हणाले. मी दिलं. ते गेले नाहीत. पुस्तक उघडून, मिटून, पुन्हा उघडून उभेच राहिले.

"कचरू," ते हळू म्हणाले, "शेवटी कोण राहिलं रे?"

"पान एकशे बारा," मी म्हणालो. "तिसरी ओळ."

त्यांनी चष्मा पुसला आणि फुटपाथवरच पान शोधायला लागले. मी चहा घेतला आणि आपल्या जागेवर जाऊन बसलो.