हिरव्या वायरचा तुकडा

मॅडमनी तिसऱ्यांदा मागच्या बाकाकडे पाहिलं, तेव्हा कुठे टेस्टरने पाय हलवायचं थांबवलं. तेहतीस वर्षं शिडीवर आणि माळ्यावर काढलेल्या माणसाला बाकावर बसवून ठेवायचं म्हणजे शिक्षाच. त्याचं खरं नाव परवान्यावर छापलेलं होतं, पण शर्टाच्या खिशात कायम टेस्टर खोचलेला, म्हणून गिऱ्हाइकांपासून दुकानदारांपर्यंत सगळे त्याला टेस्टरभाऊच म्हणत.

परवाना पुढे चालू ठेवायचा तर वायरिंगच्या सुरक्षेचं तीन दिवसांचं प्रशिक्षण सक्तीचं, असा नवा नियम निघाला होता. तीस जणांच्या तुकडीत वयाने तोच मोठा, आणि शिकवणाऱ्या मॅडम त्याच्या मुलीच्या वयाच्या. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं, "आधी मेन बंद करायचं, त्याला कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात ठेवायची, आणि तरीही हात लावण्याआधी तपासायचं." टेस्टर शेजारी बसलेल्या, रोज कामावर बरोबर असणाऱ्या जोडीदाराला म्हणाला, "आपल्या वेळी कुलूप फक्त दाराला लावायचे." अख्खा वर्ग हसला. मॅडमही हसल्या, आणि त्याचं ते वाक्य त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टेबलावर एक पाटी मांडली. पाटीवर थ्री-पिन सॉकेट, आणि सॉकेटला जोडलेला, आत हीटर बसवलेला एक पत्र्याचा डबा.

"हा डबा म्हणजे तुमचं वॉशिंग मशीन," मॅडम म्हणाल्या. "घर जुनं आहे. भिंतीतून दोनच वायरी आल्यात, फेज आणि न्यूट्रल. अर्थिंग नाहीच. गिऱ्हाईक म्हणतं, अर्थिंग पाहिजे. मग काही लोक काय करतात?"

त्यांनी सॉकेट उघडलं, वायरचा बोटभर तुकडा घेतला आणि न्यूट्रलचा स्क्रू आणि अर्थिंगचा स्क्रू एकमेकांना जोडून टाकले.

"झालं अर्थिंग. फेज आणि अर्थिंगमध्ये दिवा लावून बघा, छान पेटतो. गिऱ्हाईक खूष."

मागच्या बाकांवर खुसखुस झाली. जोडीदार टेस्टरच्या कानाशी लागला, "सगळेच करतात की हे."

"आता दहा वर्षं गेली," मॅडम म्हणाल्या. "स्क्रू ढिला झाला. मागून येणारी न्यूट्रल निसटली." त्यांनी ती वायर ओढून काढली, आणि डबा व खरं अर्थिंग यांच्यामध्ये बल्ब धरला. बल्ब लख्ख पेटला. "परतीची वाट बंद झाली, म्हणून वीज तुमच्याच तुकड्यातून डब्यावर आली. आता या डब्याला ओला हात कोण लावतं?"

टेस्टर त्या बल्बाकडे बघत राहिला. गेल्या आठवड्यात थोरल्या ताईचा फोन आला होता. "अरे, मशीनला हात लावला की मुंग्या येतात. एकदा येऊन बघ." कामाच्या गडबडीत तो म्हणाला होता, "पायात रबरी चप्पल घालून लावत जा. सवड झाली की येतो." ताईच्या मोरीतलं सॉकेट त्यानेच बसवलं होतं. त्यात तुकडाही त्यानेच टाकला होता, आणि त्यासाठी मुद्दाम हिरवी वायर वापरली होती. हिरवी म्हणजे अर्थिंग, हे शाळकरी पोरालाही कळतं. बघणाऱ्याला शंका येऊ नये म्हणून हिरवी.

वर्गाबाहेर जाऊन त्याने फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. ताईचा कपडे धुण्याचा वार कोणता, ते त्याला काही केल्या आठवेना. तिसऱ्यांदा लावला. मग आत येऊन तो थेट टेबलापाशी गेला.

"मॅडम, मला जावं लागेल."

"दुपारी लेखी परीक्षा आहे, काका."

"बहिणीच्या घरी हेच करून ठेवलंय मी." पाटीकडे बोट दाखवताना त्याचा आवाज इतका खाली गेला की पहिल्या बाकालाही ऐकू गेलं नाही. "आणि ती फोन उचलत नाहीये."

मॅडमनी हजेरीपट पुढे ओढला. "मग जा. पण हजेरी कोरी राहील. ते माझ्या हातात नाही. पुढची तुकडी तीन महिन्यांनी."

त्याचा परवाना महिनाअखेरीस संपत होता. तो जिना उतरून खाली आला तेव्हा हे त्याच्या डोक्यात होतंही आणि नव्हतंही. स्कूटर दोनदा किक मारून सुरू झाली नाही, तिसऱ्यांदा झाली. चौकात सिग्नलला उभं राहून तो पुन्हा फोन लावू लागला, आणि हिरवा दिवा लागल्याचं मागच्याने हॉर्न दिला तेव्हा त्याला कळलं. वाटेत मनाशी हिशेब चालला होता, मागून येणाऱ्या न्यूट्रलचा स्क्रू आपण किती घट्ट आवळला होता? आवळला असेल. त्या दिवशी आणखी दोन कामं होती. घाईत होतो. आवळला असेलच.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून मशीनची घरघर ऐकू येत होती. टेस्टर चपलांसकट आत शिरला आणि मोरीकडे न वळता आधी दारामागच्या मेन स्विचवर हात मारला. घरघर थांबली.

"कोण आहे?" आतून ताईचा आवाज आला, आणि तो तिथेच भिंतीला टेकला.

ताई बाहेर आली. पायात रबरी चप्पल, हातात कोरडा टॉवेल. पस्तीस वर्षं दवाखान्यात परिचारिका म्हणून काम केलेली बाई, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाली तरी चालणं अजून वॉर्डातलंच. "तू होय? वीज का घालवलीस? अर्धे कपडे फेसात आहेत."

"फोन का उचलत नाहीस?"

"फोन आतल्या खोलीत. मशीन चालू असताना ऐकू येतं का काही?" मग तिने त्याचा चेहरा नीट पाहिला. "काय झालंय? बस आधी. पाणी देऊ?"

"टॉवेल कशाला घेतलायस?"

"झाकण उघडायला. नुसत्या हाताने हल्ली चटका बसल्यासारखं होतं. तूच म्हणालास ना, चप्पल घाल. चप्पल पुरत नाही, म्हणून मी टॉवेलही घेते."

त्याने स्कूटरच्या डिकीतली पिशवी आणली, मेनचा फ्यूज काढून खिशात घातला, टेस्टर लावून पाहिला आणि सॉकेट उघडलं. आतलं प्लास्टिक काळं पडलं होतं. न्यूट्रलच्या स्क्रूखाली वायरच्या तारा जळून तुटल्या होत्या. फक्त दोन तारा अडकून होत्या, केसासारख्या. त्यांच्या शेजारी हिरवा तुकडा मात्र बसवला त्या दिवसासारखाच नवाकोरा होता.

"बघ," तो म्हणाला. ताई चष्मा लावून वाकली. त्याने सगळं सांगितलं. या दोन तारा तुटल्या असत्या तर काय झालं असतं तेही सांगितलं, आणि तुकडा हिरवाच का निवडला तेही. शेवटचं सांगताना त्याला नजर वर करता आली नाही. लहानपणी आईच्या माघारी याच ताईने त्याला न्हाऊमाखू घातलं होतं.

ती रागावेल, असं त्याला वाटत होतं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती मोरीच्या उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "आणखी किती घरं?"

"ताई, हे तेव्हा सगळेच..."

"सगळ्यांचं नाही विचारलं. तुझी किती?"

"वीस असतील. पंचवीसही असतील."

"आमच्याकडे चुकीचं औषध गेलं, तर आधी पेशंटपाशी जायचं," ताई म्हणाली. "रडायचं मागाहून. ऊठ."

तेहतीस वर्षांत त्याने कामाची यादी कधी ठेवली नव्हती. ताईने जुन्या कॅलेंडरची पाठ पुढे ओढली आणि तो आठवत गेला तसं ती लिहीत गेली. पिठाच्या गिरणीमागचं घर. दोन बहिणींचं पाळणाघर. पाळणाघर म्हणताना त्याची जीभ अडखळली. ताईने मान वर केली नाही, फक्त त्या ओळीच्या सुरुवातीला १ हा आकडा घातला.

ताईच्या सॉकेटमधला तुकडा काढून, खरं अर्थिंग होईपर्यंत मशीन न लावायला बजावून, तो त्याच दुपारी पाळणाघरात गेला. तिथला तुकडा आधीच कुणीतरी काढून नीट अर्थिंग ओढलं होतं. कुणा अनोळखी वायरमनने केलेलं ते काम तो बराच वेळ बघत राहिला. स्क्रू आवळलेले, वायरी सरळ, एकही तार बाहेर नाही.

पुढचे पंधरा दिवस त्याला एका जागी बसवेना. जेवताना मध्येच एखादं घर आठवे आणि तो तसाच उठे. परवाना संपल्यावर स्वतः वायरिंगला हात लावायची सोय उरली नाही. जोडीदार परीक्षा पास झाला होता. दुरुस्ती त्याने करायची, दार वाजवून सांगायचं काम टेस्टरचं, असं ठरलं. सामानाचा खर्च अर्थातच टेस्टरचा.

"तू हात दाखवून अवलक्षण करतोयस," जोडीदार म्हणाला. "गुपचूप बदलून टाकू. मोफत तपासणी म्हणू."

टेस्टरलाही तो मोह झाला होता. पहिल्या दोन घरांत त्याने तसंच केलंही. पण तिसऱ्या घरातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मोफत तपासणीबद्दल पाठ थोपटली, चहा पाजला, तेव्हा त्याने कप तसाच खाली ठेवला आणि खरं काय ते सांगून टाकलं. तिथून पुढे तो दारातच सांगू लागला. कुणी शिव्या घातल्या. एकाने दार लावून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून फोन केला. पहिल्या दोन घरीही तो परत जाऊन खरं सांगून आला.

यादीत अकराव्या ओळीवर ब्लाउज शिवणाऱ्या बाई होत्या. त्यांनी टेस्टरला बघताच खुर्ची पुढे केली.

"या, टेस्टरभाऊ. किती वर्षांनी. तुमचं नाव मी अजून काढते."

"का बरं?"

"असं काय करता? मला शॉक बसला होता ना इस्त्रीचा. पडले, मनगट मोडलं. तेव्हा तुम्हीच येऊन दिवा लावून दाखवलात. म्हणालात, सॉकेट ठणठणीत आहे, इस्त्रीच खराब. मी ती इस्त्री भंगारात दिली." त्यांनी उजवा हात पुढे केला. मनगट थोडं वाकडं बसलं होतं. "बारीक टाके आता घालता येत नाहीत. पण जीव वाचला."

त्याला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. येऊन, दिवा लावून, निघून गेला असणार. त्या दिवशीही घाई असणार. आत शिलाई मशीनच्या पायाशी इस्त्रीची वायर सॉकेटमध्ये खोचलेली होती. त्याने आधी ती काढायला सांगितली.

मग उभ्यानेच सांगायला सुरुवात केली. त्याचं सांगून झालं, तरी हातातली कात्री बाई उघडमीट करत राहिल्या.

"म्हणजे इस्त्री चांगली होती," शेवटी त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि नवी घेतली, तीही रोज मी याच भोकात खोचतेय."

"हो."

जोडीदाराने पिशवी उघडली. टेस्टर सवयीने पुढे झाला, तसा बाईंनी हात आडवा धरला.

"तुम्ही नाही. ते करतील. तुम्ही बाहेर थांबा."

तो पायरीवर जाऊन उभा राहिला. आतून ड्रिलचा आवाज आला, मग भिंतीवर ठोकल्याचा, मग बराच वेळ काहीच नाही. काम संपल्यावर बाईंनी जोडीदाराला मीटर लावून अर्थिंगचा आकडा दाखवायला सांगितला. दाखवला. त्यांनी तो पुन्हा एकदा मोजायला लावला, आणि आकडा ब्लाउजच्या कॅटलॉगच्या कोपऱ्यावर लिहून घेतला. टेस्टरकडे न बघता त्या पुन्हा मशीनवर बसल्या.

रस्त्यावर आल्यावर जोडीदार म्हणाला, "आज पुरे. उरलेली उद्या करू."

टेस्टरने कॅलेंडर उलगडलं. बाराव्या घरातले लोक जागा सोडून गेले होते. नवा पत्ता कुणालाच माहीत नव्हता, फक्त कोपऱ्यावरचा सायकलवाला काही सांगू शकेल असं कुणी म्हणालं होतं. त्याचं दुकान बंद व्हायला अजून तासभर होता.

"तू जा घरी," तो म्हणाला, आणि सायकलवाल्याच्या दिशेने भराभर चालू लागला.