बाहेर बसायचा नियम

मे महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी, भर दुपारी, रोजगार मंडळाच्या बैठकीत सहावा विषय आला तेव्हा मी हात वर केला. "अर्जदार माझी सख्खी बहीण आहे. मी बाहेर जाते." सचिवबाईंनी लिहून घेतलं. अर्धं सँडविच तसंच टाकून मी उठले.

"आर्डिथ, दार नीट ओढून घे गं, आपोआप उघडतं ते," आमचा अध्यक्ष रॉयस म्हणाला. तो आरागिरणीवाला, शाळेत माझ्या वर्गात होता. त्याला वाटतं अध्यक्ष म्हणजे दारं सांभाळणारा.

खोलीबाहेर जायचा हा नियम माझाच आहे. तीन वर्षांपूर्वी एका सदस्याने जावयाच्या कंपनीला प्रशिक्षणाचं काम मिळवून दिलं. मतदानात त्याने भाग घेतला नव्हता, पण खुर्चीत बसून एकेकाकडे असा रोखून बघत होता की बाकीच्यांचे हात आपसूक वर गेले. मग राज्याचे तपासनीस आले आणि काउंटीतले, म्हणजे आमच्या जिल्ह्यातले, सगळे प्रशिक्षणवर्ग चार महिने बंद पडले. तेव्हा मीच टेबलावर हात आपटून म्हटलं होतं, की नातेवाइकाचा विषय आला की माणूस खोलीत दिसता कामा नये. चिठ्ठी पाठवायची नाही, कुणाशी बोलायचं नाही. तोंड उघडलं तर करार रद्द. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला स्वतःचा फार अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

माझी धाकटी बहीण नेल्डा चर्चच्या तळघरात रुग्णसेविकांचा वर्ग चालवते. म्हाताऱ्याला कूस कशी बदलून द्यायची, लाज न वाटू देता अंघोळ कशी घालायची, हे ती शिकवते. मी चालवते तो वृद्धाश्रम तिने शिकवलेल्या मुलींवरच उभा आहे. तिचा करार जूनअखेर संपत होता, आणि तो पुन्हा मिळाला नाही तर वर्ग बंद. स्पर्धेत शहरातली एक कंपनी होती, सगळं कॉम्प्युटरवर शिकवणारी. आमच्या डोंगरात धड फोन लागत नाही.

बारा जणांच्या मंडळात नात्यातल्या करारासाठी आठ मतं लागतात, कितीही जण हजर असोत. त्या दिवशी मला सोडून नऊच जण आले होते. मी हिशेब करतच दाराबाहेरच्या बाकावर टेकले.

ही जागा पूर्वी फर्निचरचं दुकान होती. मधली भिंत नुसत्या पातळ फळ्यांची. नियम लिहिताना ती भिंत कुणाच्याच लक्षात आली नव्हती, माझ्याही नाही.

"चौदा जणींपैकी सहाच पास?" बँकेच्या मॅनेजरबाईंचा आवाज आला. "निम्म्यासुद्धा नाहीत."

"अहवालात तसंच आहे," मंडळाचं कार्यालय सांभाळणारा संचालक म्हणाला.

"बाकीच्यांचं काय झालं?"

"त्याबद्दल माझ्याकडे काही माहिती नाही."

माझ्याकडे होती. फेब्रुवारीत बर्फामुळे रस्ता बंद पडला आणि परीक्षकच पोचला नाही, म्हणून पाच जणींची परीक्षा राहिली. ती एप्रिलमध्ये झाली आणि पाचही जणी पास झाल्या. त्यातल्या तिघी त्या क्षणी माझ्याकडे म्हाताऱ्यांना जेवण भरवत होत्या. अहवाल मात्र मार्चअखेरचा होता.

आणि नेल्डाने दुरुस्ती का पाठवली नाही, तेही मला माहीत होतं. ईस्टरच्या जेवणाला ती माझ्याशेजारी बसून म्हणाली होती, "आर्डिथ, त्या पाच मुलींचं..."

मी बटाट्यांचा डाव तिच्या तोंडासमोर धरला. "वर्गाचं नाव काढू नकोस. एक शब्द नको."

"अगं, मी फक्त विचारतेय की..."

"नेल्डा!"

टेबलावर सगळे हसले. नेल्डाही हसली आणि गप्प झाली. माझा नकार म्हणजे काही पाठवायचं नाही, असं तिने धरलं असणार. दुरुस्ती पाठवायला पुढे दहा दिवस होते, आणि ती तारीख मंडळाच्या दारावरच्या नोटिशीत छापलेली होती. "नोटीस वाच," एवढं मी म्हणू शकले असते. त्याला कुठलाच नियम आड येत नव्हता. हे मला सुचलं ते त्या बाकावर.

आत कुणीतरी म्हणालं, "बाई चांगली आहे, पण आकडे बघा ना."

मी उठले. दाराच्या मुठीवर हात ठेवला. एक वाक्य पुरे होतं. पण मी आत पाऊल टाकलं की करार बाद, आणि तो माझ्याच नियमाने. बाहेर राहिले तर निदान आठ हात वर जायची आशा होती. शरीर एवढंसं दार उघडायला तयार आणि डोकं नाही म्हणतंय. मी मूठ धरून तशीच उभी राहिले, श्वाससुद्धा हळू घेत, जणू श्वासानेही करार मोडेल.

"बाजूने?" रॉयसने विचारलं. "सात. विरोधात दोन. मंजूर नाही."

दार उघडलं तेव्हा मूठ अजून माझ्या हातात होती. रॉयस दचकला. मग खाली बघत म्हणाला, "सॉरी गं. पण तू अगदी नाकासमोर चाललीस. कुणी बोट दाखवू शकणार नाही." उरलेले तीन विषय मी हात वर-खाली करत संपवले. कशाला हो म्हटलं ते आठवत नाही.

नेल्डाला हे पत्रातून कळू नये म्हणून मी थेट चर्चमध्ये गेले. तळघरात ती एका मुलीला पलंगावर झोपवून तिच्याखालची चादर बदलून दाखवत होती. माझं तोंड बघून थांबली आणि जिन्यापाशी आली.

"किती मतं?"

"सात."

"त्या पाच जणींचं कुणी विचारलं नाही?"

"विचारलं."

"मग सांगितलं कुणी?"

"कुणीच नाही."

"तू कुठे होतीस?"

"बाहेर. बाकावर."

"ऐकू येत होतं?"

खोटं बोलायची फार इच्छा झाली. "सगळं," मी म्हणाले. "पण नेल्डा, मी आत गेले असते तर करार रद्दच झाला असता."

"आता काय झालंय?"

मी जिन्याच्या पायरीवर टेकले.

"तो गेलाच, आर्डिथ," ती अगदी हळू म्हणाली, मुलींना ऐकू जाऊ नये म्हणून. "निदान माझ्यासाठी कुणीतरी बोललं तरी असतं."

मग ती परत गेली. पलंगावरची मुलगी अजून कुशीवर तशीच पडून होती, आणि नेल्डाने तिच्या खांद्यावर हात ठेवून बाकीच्यांना सांगितलं, "अशी अर्धवट सोडायची नाही कुणाला. बघा."