सातवी फेरी

मित्रांनो, मी एक जुनी सुरावट आहे. ‘मित्रांनो’ म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. तुमच्याबद्दल माझं मत फारसं बरं नाही. का, ते ऐका.

माझा जन्म स्पेनमधल्या पालेन्सिया गावचा, चारशेहून जास्त वर्षांपूर्वीचा. नदीवर धुणं धुणाऱ्या बायका आळशी नवऱ्यांवर एक गाणं म्हणायच्या. मोठ्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या मेल्चोरने ती चाल उचलली. चाल एकच, पण दर फेरीला साज निराळा: कधी ती डाव्या हातात, कधी उजव्या, कधी दुप्पट लयीत. अशा फेऱ्यांना स्पॅनिशमध्ये जो शब्द आहे, तोच भांडणालाही आहे. माझ्या नशिबी दोन्ही आली.

सहा फेऱ्या झाल्या आणि मेल्चोर अडला. चार वर्षं त्याने मला पेटाऱ्यात कोंबून ठेवलं. आल्यागेल्यासमोर मात्र ‘माझी थोर रचना चालू आहे’ अशा बढाया मारायचा. मला त्याची चीड यायची.

त्याची मुलगी ब्रियांदा चुलीवर लसणाचं सूप ढवळताना मला गुणगुणायची. एका सकाळी तिने मला बाहेर काढलं. सहाव्या फेरीचा शेवट गिचमिड खोडला आणि तिथून सूर थेट नव्या, सातव्या फेरीत सोडले. सातवी तिची. त्यात डावा हात असा धावायचा, जणू त्या बायका धोपाटणी घेऊन नवऱ्यांच्या मागे लागल्यात. मी पुरी झाले. तेवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

“बरी आहे,” मेल्चोर म्हणाला आणि लगेच मला छापायचं ठरवलं. छापखानावाला सालामांकाहून स्वतः ऐकायला येणार होता.

“सातवीवर माझं नाव घाला, बाबा,” ब्रियांदा म्हणाली.

“बाईमाणसाचं नाव? लोक हसतील मला.”

“मग वाजवा तुम्हीच.”

तो ताठ्याने घरातल्या छोट्या ऑर्गनपुढे बसला. सहा फेऱ्या ठीक गेल्या. सातवीत संधिवाताची बोटं पट्ट्यांवर अडखळली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदाही.

“उद्या पाहुण्यासमोर काय करणार? मी वाजवते. पण नाव माझं.”

“कार्टे, कुणी शिकवलं तुला?”

“तुम्हीच. सहापर्यंत. सातवी तुम्हाला येत नाही ना, ते झोंबतंय.”

मेल्चोरने शेवटचं पान टरकावलं आणि सुपाखालच्या जाळात घातलं. ब्रियांदाने भांडं उतरवलं, सूप अंगणात ओतलं आणि त्या घरात पुन्हा कधी वाद्याला हात लावला नाही.

मी सहाच फेऱ्यांची छापली गेले. सहावीचा खोडलेला शेवट म्हाताऱ्याला आठवेना, म्हणून ती तशीच लोंबकळत राहिली. पुस्तकावर नाव एकट्या मेल्चोरचं.

आता तुम्ही मला मोठमोठ्या सभागृहांत वाजवता. सहावी मध्येच थांबते आणि जाणकार माना डोलावतात: “काय धाडस म्हाताऱ्याचं! शेवट कसा अधांतरी सोडलाय!” मग टाळ्यांचा कडकडाट. अंगाचा तिळपापड होतो माझ्या.

जुन्या चिजा जपा, असं सांगून मला निरोप घेता आला असता. पण माझी पुस्तकं तुम्ही काचेत जपलीच आहेत, काय उपयोग झाला? मित्रांनो, यापुढे एवढंच करा. सहावीनंतर टाळ्या वाजवू नका. तो शेवट नाही. तिथे मला फाडलंय.